बाईंच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण

दर जूनला नववीच्या मुलींसाठी मी एक यादी करते. आत्मचरित्रं, आठवणींची पुस्तकं, दहा-बारा. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते आणि ग्रंथालयाची किल्लीही माझ्याकडंच असते. त्यामुळं यादी मीच करायची, पुस्तकं मीच काढायची आणि शुक्रवारच्या वाचनतासाला ती बाकांवर मीच वाटायची. निवडताना माझा एकच नियम. लिहिणाऱ्यानं निदान एका ठिकाणी स्वतःविरुद्ध साक्ष दिलेली असली पाहिजे. नुसते कष्ट आणि सत्कार असलेलं पुस्तक चौदा वर्षांची मुलगी तिसऱ्या पानावर मिटते. आपण जे केलंय ते आणखी कुणी केलं होतं का, आणि करूनही तो माणूस पुढं जेवला-झोपला का, एवढंच तिला बघायचं असतं.

या यादीत गेली सहा वर्षं एक पुस्तक असं आहे, जे मीच लिहिलंय. त्यावर नाव दुसऱ्याचं आहे. आणि त्यातलं सातवं प्रकरण खरं आहे, पण ज्यांचं नाव आहे त्यांचं नाही.

आमच्याकडं कुणाची पंचाहत्तरी आली की पुस्तक निघतं. कारखान्याचा संचालक असो, जुना पैलवान असो, नाहीतर निवृत्त मुख्याध्यापिका. हॉल ठरतो, फेटे येतात, पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होतं. सांगणारा सांगतो आणि लिहितो दुसराच, त्याला शब्दांकन म्हणायचं. अशी चार पुस्तकं मी केली. तीन कुणाच्या लक्षातही नाहीत.

चौथं बाईंचं. मला शाळेत शिकवलेल्या, पुढं मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या माझ्या बाई. शाहूपुरीत एका दुकानाच्या वर त्यांचा छोटा फ्लॅट. लग्न केलं नाही, आईवडिलांच्या एकुलत्या एक. माहेर शिरोळकडं, सरहद्दीवर, त्यामुळं बोलण्यात मधूनच कानडी यायचं. दर शनिवारी दुपारी मी जायची, मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू करायची आणि बाई सांगायच्या. पहिली नेमणूक मलकापूरला. मग बदली. मग दुसरी बदली. शाळेच्या इमारतीचं अनुदान. सहा प्रकरणं झाली आणि माझ्या लक्षात आलं, की यात एकही माणूस चुकत नाही.

"बाई," मी म्हटलं, "तुमच्या हातनं घडलेलं काहीतरी पाहिजे. वाईट. त्याशिवाय मुली वाचणार नाहीत."

"मी काही केलेलं नाही गं."

"प्रत्येकानं काहीतरी केलेलं असतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वर्गात गृहपाठाच्या वहीवरनं मान उचलून बघायच्या तशा. मग म्हणाल्या, "तूच घाल काहीतरी."

मी घातलं. घरी येऊन एका बैठकीत लिहिलं. एकही ओळ खोडावी लागली नाही.

त्यात जे आहे ते आता माझ्या नावावर सांगते.

मी चौदा वर्षांची होते, बहीण सहा. कागलजवळ आमचं गाव, उसाचं. थंडीत गुऱ्हाळ सुरू असायचं. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळून घट्ट झाला की तो खाली वाफ्यात ओततात. वाफा म्हणजे जमिनीतच केलेला सिमेंटचा उथळ चौकोन. त्यात तो गूळ निवतो, पण ओतल्या ओतल्या तो तेलासारखा तापलेला असतो, आणि अंगाला लागला तर तेलासारखा ओघळत नाही, चिकटून राहतो. मुलांनी तिथं जायचं नाही, असं ठरलेलं. मी जायची, कारण कडेच्या कट्ट्यावर ऊब असायची आणि तिथं वाचता यायचं. त्या दिवशी कुणा थोर माणसाचं आत्मचरित्र वाचत होते. खरं बोलण्यावर त्यात बरंच होतं.

बहीण आली. तिच्या मुठीत काहीतरी होतं, ते मला दाखवायचं होतं. मी कोपरानं तिला सारलं. ती परत आली आणि पानावर मूठ ठेवली. मी तळहात तिच्या छातीवर ठेवला आणि ढकललं. माझी नजर पानावरच होती. ओळ पूर्ण झाली तेव्हा मी मान वर केली.

तिच्यामागं वाफा होता आणि तो नुकताच ओतलेला होता, हे मला माहीत होतं. मी विसरले नव्हते. इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की विसरले होते.

तिचा डावा हात कोपरापर्यंत गेला. गूळ करणारा गुळव्या जळणाकडं गेला होता, बाकीचे ऊस पिळायच्या चरख्यावर होते. कुणी बघितलं नाही. मी तिला ओढलं, हौदावर नेलं आणि पाणी ओतत राहिले. ती रडत नव्हती. घरच्यांना मी सांगितलं, की ती आपली आपणच धावत आली आणि पडली, मी लांब आंब्याखाली वाचत होते, आवाज ऐकून आले. तिची दोन बोटं आजही मिटत नाहीत.

बाईंच्या पुस्तकात मी गाव सरहद्दीकडं नेलं आणि बहिणीची चुलतबहीण केली. बाकी सगळं तसंच ठेवलं. एक मात्र लिहिलं नाही. हौदावर मी पाणी ओतत असताना बहीण माझ्याकडं बघून हळूच म्हणाली होती, "अक्का, मी सांगणार न्हाय." हे मी कागदावर आणूच शकले नाही.

बाईंनी मुद्रितं तपासली तेव्हा प्रत्येक पानावर तांबड्या शाईच्या खुणा होत्या, स्वल्पविरामसुद्धा सोडले नव्हते. सातवं प्रकरण कोरं परत आलं.

पुस्तक यादीत घातलं तेव्हा, खरं सांगते, मला वाटलं होतं की आता हे माझ्याकडून गेलं. दुसऱ्याच्या नावावर का असेना, छापून झालं. पण ते पुस्तक बाकीच्यांसारखं वागेना. दोन वर्षांत ते कपाटातनं काढलं की आपोआप सातव्या प्रकरणावर उघडायला लागलं. तेवढीच पानं बोटांनी काळवंडलेली. एका शुक्रवारी मागच्या बाकावरच्या दोघी कुजबुजत होत्या, ते मी ऐकलं.

"हे पुस्तक वायलंच हाय बघ. सातवं वाचलं की हात धुवावासा वाटतोय."

"चल गं, नाटकी."

"वाच की मग. हात टेकवून वाच."

दुसरीनं वाचलं. तास संपल्यावर जाताना ती खरंच नळावर गेली.

मग चिठ्ठ्या यायला लागल्या. ग्रंथालयाच्या पुस्तकाला मागं कार्डासाठी कागदी खिसा असतो, त्यात. कुणाची नावं नाहीत. 'मी पण ढकललं होतं.' 'मी आजीची गोळी फेकून दिली होती, ती मला ओरडली म्हणून.' 'माझ्यामुळं झालं, पण भावानं मार खाल्ला.' वर्षाला सात-आठ. मी त्या एका पाकिटात ठेवत गेले. मुलींना वाटायचं, त्या हे बाईंना सांगताहेत. किल्ली माझ्याकडं होती.

दोन वर्षांपूर्वीपासून बाईंची स्मरणशक्ती जायला लागली. आधी गेल्या आठवड्याचं गेलं, मग बदल्या गेल्या, मलकापूर गेलं, शाळेची इमारत गेली. मी महिन्यातनं एकदा जायची. एकदा गेले तर त्या खुर्चीत बसून उजव्या हातानं डावा हात चोळत होत्या. कोपरापासून खाली, हळूहळू, काहीतरी चिकटलेलं सोडवावं तसं.

"दुखतोय का बाई?"

"माझा नव्हे. तंगीचा."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. पुस्तकात हा शब्द कुठंच नाही.

त्यांच्याजवळ राहणाऱ्या मावशी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "रोजचं झालंय हे. बहिणीला बोलवा म्हणतात. मी म्हटलं, तुमाला बहीणच न्हाय तर कुणाला बोलवू? तर माझ्याशी दोन दिवस बोलल्या न्हाईत."

"तिला बोलव," बाई मला म्हणाल्या. "मला तिला सांगायचंय. मी ढकललं म्हणून सांगायचंय. कुणी बघितलं नाही." मग जरा पुढं वाकून, शाळेतल्या आवाजात नाही, अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "ती मला म्हणाली होती गं. अक्का, मी सांगणार न्हाय."

चहा माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला, एवढंच आठवतं.

मग मी म्हणाले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले. "बाई, ते तुम्ही केलेलं नाही. ते मी केलं. माझी बहीण आहे ती."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "तू?" त्या म्हणाल्या. "तू नव्हतीस तिथं."

घरी येऊन मी जुनी रेकॉर्डिंगं काढली. सगळी जपून ठेवलेली आहेत, तारखेनुसार. मी कधीतरी बोलता बोलता त्यांना सांगितलं असणार, दुसरं काय. तीन रविवार ऐकत बसले. माझे प्रश्न, त्यांची उत्तरं, खाली रिक्षांचे हॉर्न. ते वाक्य कुठंच नाही. फक्त एक रेकॉर्डिंग वेगळं आहे, त्यांनी 'तूच घाल' म्हटलं त्याच्या पुढच्या शनिवारचं. सुरुवातीला माझा आवाज आहे, 'सुरू केलं बाई.' त्यानंतर चाळीस मिनिटं पंखा. एकदा खुर्ची करकरते. शेवटी बाईंचा आवाज येतो, "बंद कर आता." त्या दुपारचं मला काहीही आठवत नाही. चाळीस मिनिटं आम्ही दोघी काय करत होतो, कळत नाही. एवढंच कळतं, की ज्या बाईनं काही केलेलं नव्हतं, तिला मी माझं दिलं. तिचं बाकी सगळं गेलं आणि तेवढं राहिलं.

तरीही मी बहिणीकडं गेले नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. चार महिने गेले नाही.

मग यंदाच्या ऑगस्टमध्ये त्या कागदी खिशात एक चिठ्ठी मिळाली. 'बाईंनी त्यांच्या चुलतबहिणीला हे कधी सांगितलं का? पुस्तकात दिलेलं नाही.' नाव नव्हतं. पण अक्षर मी ओळखलं. 'हे' लिहिताना मात्रा शब्दाच्या बाहेर काढून लिहिणारी आमच्या शाळेत एकच मुलगी आहे. माझी भाची. बहिणीची मुलगी, नववीत, कागलहून रोज बसनं येते. तिच्या बाकावर हे पुस्तक जाणार नाही असं मी जूनपासून बघत होते. त्या आठवड्यात मी दोन दिवस रजेवर होते, पुस्तकं दुसऱ्या शिक्षिकेनं वाटली होती.

पुस्तक तिनं माझ्याकडून घरी मागून नेलं होतं, आता ती ते आईला वाचून दाखवणार. आईचा डावा हात तिच्यासमोर असणार. बहिणीनं हे पुस्तकातनं ऐकावं की माझ्याकडून, एवढंच आता उरलं होतं.

रविवारी सकाळी कागलला गेले. मेहुणे एमआयडीसीत, पहिल्या पाळीला. भाची आतल्या खोलीत अभ्यास करत होती. बहीण खाली बसून मेथी निवडत होती. उजव्या हातानं पानं खुडायची आणि डाव्या हाताच्या उघड्या बोटांवर ठेवायची. माझे आईवडील आता नाहीत. ते असते तर मी हे बोलले असते की नाही, माहीत नाही.

"तुझा हात माझ्यामुळं भाजला," मी म्हणाले.

"काय?"

"गुऱ्हाळावर. तू आपली आपण पडली नव्हतीस. मी ढकललं."

ती हसली. "काय अक्का, सकाळ सकाळ. बीपीची गोळी घेतलीस न्हवं?"

"मी खरं सांगतेय."

"तू न्हवतीसच की तिथं. आंब्याखाली वाचत बसलीतीस. तूच सांगतीस की नेहमी." तिनं एक काडी बाजूला टाकली. "मी मांजरामागं पळालते. पांढरं मांजर, शेपटीला काळं. मागचा पाय जरा लंगडत हुतं. ते वाफ्याच्या कडेनं गेलं आणि मी त्याच्या मागनं. अजून दिसतंय मला डोळ्यासमोर."

मांजर मीच सांगितलं होतं, त्या दिवशी आईला. पांढरं, हेही मीच सांगितलं होतं. शेपटीचं काळं आणि पायाचं लंगडणं माझं नव्हतं. अडतीस वर्षांत ते तिनं घातलं होतं. ती ते बघत होती, आत्ता, मेथीच्या ढिगापलीकडं कुठंतरी, आणि ते चालत होतं. मी शब्दांकनं चार केली म्हणते, ते चूक आहे. पहिलं मी चौदाव्या वर्षी केलं होतं, सहा वर्षांच्या मुलीसाठी.

"मांजर नव्हतं," मी म्हणाले.

"हुतं की."

"नव्हतं. मी घातलं ते. तुझ्या मुठीत काहीतरी होतं, ते तुला मला दाखवायचं होतं. मी वाचत होते. एकदा कोपरानं सारलं, तू परत आलीस, मग मी ढकललं. मागं वाफा आहे हे मला माहीत होतं. हौदावर तू मला म्हणालीस, अक्का, मी सांगणार न्हाय."

ती निवडायची थांबली. ती स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत होती. तो कुणाचा आहे, असं बघत होती. आतल्या खोलीतला पान उलटण्याचा आवाजही थांबला होता.

"मांजर न्हवतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मग मी कशाला पळाले?"

"पळाली नव्हतीस. उभी होतीस."

"उभी." तिनं तो शब्द दोनदा उच्चारला. मग ती बोलायला लागली, माझ्याशी नाही, समोरच्या भिंतीशी. "दहावीला प्रयोगशाळेत नळी धरू दिली न्हाय मला. आईनं मॅडमना सांगून ठेवलंतं, धांदरट हाय, पळती कशाच्या पण मागं. लग्नात सासूबाईंनापण सांगितलं तिनं. चार वर्षं कढईजवळ येऊ दिलं न्हाय त्यांनी. ही झाली तवा हिला घेऊन मी जिना उतरायची न्हाय. बसून उतरायची. एकेक पायरी, बसून. शेजारचे हसायचे. मला वाटायचं, माझा काय भरोसा, मी काय मधीच पळीन."

मला हे माहीत नव्हतं. वीस किलोमीटरवर राहते मी, दर दिवाळीला येते, आणि जिन्याचं मला माहीत नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"ते असू दे. माफी-बिफी तू तुझ्या पुस्तकात घाल." तिनं पदरानं नाक पुसलं. आवाज नेहमीसारखा चढा होता, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. "मला येवढं सांग. त्याच्या आधी मी कशी हुते?"

"म्हणजे?"

"म्हणजे कशी हुते. पळायचे का न्हाय? धांदरट हुते का? आई गेली, बाबा गेले. मला कुठलं आठवतंय? तूच हाईस की आता सांगायला."

भाची दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात माझं ते पुस्तक होतं, मध्ये बोट घालून मिटलेलं. बहिणीनं तिला खुणेनं बसायला सांगितलं. ती आईजवळ बसली.

मी म्हणाले, "तू सावकाश होतीस. ओसरीवरनं उतरताना आधी एक पाय ठेवायचीस, मग दुसरा त्याच्याशेजारी. बाबा तुला म्हातारी म्हणायचे. दुधाचा पेला तू दोन हातांनी धरायचीस आणि संपेपर्यंत त्यातच बघायचीस."

"आणि?"

"आणि पावसाळ्यात अंगणातनं जाताना तू गोगलगायी बाजूला ठेवायचीस. पानावर घेऊन. एकदा तू..." मी थांबले. ते दृश्य मला दिसत होतं, फ्रॉकचा रंगसुद्धा दिसत होता, आणि नेमकं त्यामुळंच मला भीती वाटली. "थांब. हे मला आठवतंय की मी बनवतेय, मला कळत नाही."

"मग ते ऱ्हाऊ दे," बहीण म्हणाली. "दुसरं सांग."